डब्लिनची कटिंग आणि लातूरचा हाली रुपया

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी आयर्लंडमध्ये, डब्लिनला नर्स आहे. दिवाळीनंतर ती मैत्रिणींसोबत चार दिवस पोर्तुगाल फिरून आली. फोनवर म्हणाली, "बाबा, डब्लिनला केस कापायचे साठ युरो घेतात. लिस्बनला पंचवीसात काम झालं. कॉफीसुद्धा निम्म्यात. पण मोबाईलच्या दुकानात गेले तर किंमत तीच, दहा-वीस युरो इकडं-तिकडं." दोन्ही देशांत चलन युरोच. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, हे माझं क्षेत्र नाही. पण नाणं एक झालं की भाव एक होतात असं कुठंतरी वाचलं होतं. मग कटिंगचंच काय झालं?
— एक निवृत्त शिक्षक, उदगीर

उत्तर : सर, तुमच्या मुलीनं चार दिवसांत नेमक्या दोन गोष्टी हेरल्या, केस आणि मोबाईल. पण तुम्ही इतिहासाचे, त्यामुळे आधी तुम्हाला आमच्या माळ्यावर नेते.

माझे आजोबा लातूरच्या गंजात एका आडत दुकानी मुनीम होते. त्यांची एक वही अजून माझ्याकडे आहे. तांबडं कापडी वेष्टण, सुताची दोरी, वर फसली सन १३५०, म्हणजे इंग्रजी १९४०-४१. आत सगळी मोडी. मोडी मला येत नाही, पण आकडे वाचता येतात आणि आजोबांनी बोट ठेवून शिकवलेले चार शब्द ओळखता येतात. बार्शीच्या व्यापाऱ्यांशी झालेल्या व्यवहारांची पानं वेगळी काढलेली आहेत. एका पानाच्या डोक्यावर १०० च्या समोर ११६-१०-८ असं लिहिलंय. लहानपणी मला ते व्याज वाटायचं. तो होता कलदार आणि हाली यांचा हिशेब. इंग्रजांचा रुपया कलदार, निजामाचा हाली. सहा कलदार म्हणजे सात हाली, म्हणून १०० कलदारांचे ११६ रुपये १० आणे ८ पै. लातूर निजामात, बार्शी इंग्रजांत, आणि मधे १९११ पासून बार्शी लाईटची ती छोटी गाडी. ज्वारी तीच, बोली तीच, सोयरीकसुद्धा इकडून तिकडं होत होती, फक्त खिशातला रुपया बदलायचा.

त्या पानावर लातूरचा भाव आणि बार्शीचा भाव यांच्यामध्ये चार ओळी आहेत. रेलभाडं, हमाली, करोडगिरी, बट्टा. तरुण वाचकांसाठी सांगते, करोडगिरी म्हणजे निजामाच्या सरहद्दीवरची जकात, आणि बट्टा म्हणजे एक नाणं देऊन दुसरं घेताना कापलं जायचं ते. आजोबा सांगायचे, पहिल्या तीन ओळी वर्षभर साधारण त्याच राहायच्या. भाडं ठरलेलं, हमाली ठरलेली, नाक्यावरचा माणूसही ठरलेला. बट्ट्याचा मात्र भरवसा नाही. ११६-१०-८ हा कागदावरचा दर. कापसाच्या दिवसांत बाहेरचे खरीददार उतरले की हालीला मागणी यायची आणि बट्टा हलायचा. गाडीवान शेतकऱ्याला तर कळायचंच नाही, आपल्याला मार भावात बसला की बट्ट्यात.

निजामाचं राज्य गेलं तो १७ सप्टेंबर १९४८ तुम्हाला मी सांगायला नको. १९५० मध्ये भारतीय रुपया आपल्याकडं हालीच्या जोडीनं चालू झाला, १९५१ पासून नवा हाली निघणं थांबलं, आणि १९५९ मध्ये जुनाही रद्द झाला. म्हणजे समान चलनाचा अनुभव मराठवाड्यानं युरोपच्या चाळीस वर्षं आधी घेतलाय. कुणी आपल्याला विचारायला आलं नाही, तो भाग वेगळा.

आता मुद्दा. नाणं एक झाल्यावर त्या चारपैकी एकच ओळ पुसली गेली, बट्ट्याची. भाडं राहिलं, हमाली राहिली. करोडगिरी गेली तीही नाण्यामुळं नाही, राज्य एक झालं म्हणून. युरोचंही अगदी असंच आहे.

१ जानेवारी १९९९ ला ११ देशांनी आपले दर कायमचे बांधून टाकले. एक युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क, १९३६.२७ इटालियन लिरा. (आमच्या ११६-१०-८ ला नावं ठेवणाऱ्यांनी हे आकडे एकदा पाठ करून दाखवावेत.) नोटा-नाणी हातात आली १ जानेवारी २००२ ला, तोवर ग्रीस धरून १२ देश झाले होते. बट्टा संपला. पण बट्टा ही चारांतली सगळ्यात चंचल ओळ, त्यामुळे ती पुसली गेल्याचा परिणाम कमी लेखू नका. त्याआधी काय व्हायचं ते बघा. सप्टेंबर १९९२ मध्ये लिरा गडगडला. इटलीतल्या दुकानात गाडीची लिरातली किंमत होती तीच राहिली, पण मार्क घेऊन येणाऱ्या जर्मन माणसाला ती एकदम स्वस्त पडायला लागली. लोक आल्प्स ओलांडून फोक्सवॅगन आणायला जाऊ लागले, म्हणजे जर्मनीतच बनणारी गाडी इटलीतून विकत घ्यायला! कंपनीनं इटलीतल्या विक्रेत्यांना बाहेरच्या गिऱ्हाइकाला गाडी द्यायची नाही म्हणून दटावलं, आणि त्याबद्दल १९९८ मध्ये युरोपीय आयोगानं तिला १० कोटी २० लाख एकूंचा दंड ठोकला. एकू म्हणजे युरोच्या आधीचं हिशेबापुरतं चलन. पुढं न्यायालयानं दंड थोडा कमी केला. एका रात्रीत नाणं पडलं आणि भावांत दरी पडली, हा प्रकार युरो आल्यावर त्या देशांमध्ये बंद झाला.

जी दरी एका रात्रीत पडलेली नव्हती, वर्षानुवर्षं मुरलेली होती, ती मात्र राहिली.

करोडगिरीची ओळ युरोपनं आधीच पुसली होती. १ जानेवारी १९९३ पासून सदस्य देशांच्या आपसातल्या सरहद्दींवर मालाची तपासणी थांबली. युरोपातल्या शहरांचे भाव तपासणाऱ्या अभ्यासकांना नंतर असं दिसलं, की भाव जवळ येण्याचं बरंचसं काम नव्वदच्या दशकात, युरो येण्याआधीच झालेलं होतं. आमच्या आजोबांना याचं काहीच आश्चर्य वाटलं नसतं. ते म्हणायचे, "बट्ट्यानं डोकं फिरायचं, पण माल अडायचा नाक्यावर."

राहिली हमाली, म्हणजे माणसाच्या हातांची मजुरी, आणि तुमच्या मुलीची कटिंग तिथंच आहे. मी लातूरला ज्या पार्लरमध्ये जाते तिथं केस कापायचे दीडशे घेतात. माझी भाची पुण्यात सातशे देते. दोघींचा रुपया एकच, रिझर्व्ह बँक एकच, कात्रीही एकाच बनावटीची. पण लातूरच्या त्या खुर्चीत बसून पुण्याचे केस कापता येत नाहीत. सोयाबीनचं तसं नाही. लातूरचा सौदा झाला की भाव दहा मिनिटांत सगळ्यांच्या मोबाईलवर, आणि उदगीर किंवा हिंगोलीला त्यापेक्षा फार कमी मिळायला लागला तर माल टेंपोत बसून लातूरला येतो. त्यामुळे या बाजारांतला सोयाबीनचा फरक फिरून फिरून भाडं आणि ओलावा एवढ्यावरच येतो. ज्याला टेंपोत बसता येतं त्याचा भाव जुळतो.

पण मग पुण्याची कात्री महाग का? १९६४ साली बेला बालासा आणि पॉल सॅम्युएल्सन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी वेगवेगळं लिहून एकच कारण मांडलं. डब्लिनचा न्हावी लिस्बनच्या न्हाव्यापेक्षा भरभर केस कापत नाही. पण डब्लिनच्या आसपास औषधांचे आणि कॉम्प्युटरचे मोठे कारखाने, कंपन्या आहेत, तिथं एक माणूस तासाभरात कितीतरी जास्त किमतीचं काम करून देतो, म्हणून पगार मोठे. न्हाव्याला जवळपास तसा पगार दिला नाही तर तो कात्री ठेवून त्या कंपनीच्या गेटवर उभा राहील. त्याचा पगार वाढतो, दुकानाचं भाडं वाढतं, आणि ते कटिंगवर चढतं. कॉफीत बिया आणि मशीन दोन्हीकडं सारख्याच भावाची, कप भरून देणारे हात आणि खालची जागा वेगळ्या भावाची. युरोपची आकडेवारी खाती घरखर्चाच्या भावांची तुलना करतात, त्यात आयर्लंड युरोपीय संघाच्या सरासरीपेक्षा साधारण ४० टक्के वर असतो आणि बल्गेरिया साधारण तेवढाच खाली. दोघांचं नाणं आज एकच आहे, बल्गेरियानं १ जानेवारी २०२६ ला युरो घेतला. त्या दिवशी सोफियातल्या न्हाव्याचा पगार डब्लिनएवढा झाला नाही, आणि तुमची मुलगी नर्स म्हणून डब्लिनला जो पगार घेते तोही याच ओळीतला आहे. न्हावी तिला महाग पडतो आणि आयर्लंडच्या दवाखान्याला ती महाग पडते, एकाच कारणानं.

मोबाईलमध्ये हमाली जवळजवळ नाही. तो कुठंतरी लांब बनतो, खोक्यात बसतो, आणि त्याची किंमत एका ऑफिसात बसून सगळ्या युरो देशांसाठी एकदमच ठरते. फरक उरतो तो बहुतेक कराचा. आयर्लंड आणि पोर्तुगाल दोन्हीकडं मूल्यवर्धित कर २३ टक्के, त्यामुळे तुमच्या मुलीला फरक फारसा दिसला नाही. जर्मनीत १९ आहे, फिनलंडमध्ये २५.५, तिथं थोडा दिसला असता. काव्हालो, नीमन आणि रिगोबोन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये छापलेल्या अभ्यासासाठी ॲपल, आयकिया, झारा आणि एचअँडएम या कंपन्यांच्या हजारो वस्तूंचे निरनिराळ्या देशांतले ऑनलाईन भाव गोळा केले. समान चलनाच्या देशांत त्यांतल्या पुष्कळ वस्तूंची किंमत शेवटच्या सेंटपर्यंत तीच निघाली. चलन वेगळं असलं की जुळणी मोडायची. खरं कारण माझ्या मते साधं आहे. आकडे दोन चलनांत असले की गिऱ्हाइकाला फरक चटकन दिसत नाही, एकाच चलनात असले की दिसतो, आणि दिसला की ते चिडतं. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

चिडलेलं गिऱ्हाईक टाळायचा दुसराही मार्ग आहे, तुलनाच होऊ द्यायची नाही. बेल्जियमची युपिलेर नावाची बीअर शेजारच्या नेदरलँड्समध्ये स्वस्त मिळायची. दोन्हीकडं युरो, सरहद्दीवर कुणी अडवायला नाही. बेल्जियमच्या दुकानदारांनी ती तिकडून का आणू नये? तर कंपनीनं नेदरलँड्सच्या डब्यांवरचा फ्रेंच मजकूर काढून टाकला, म्हणजे ते डबे बेल्जियममध्ये विकणं अवघड. आपल्याकडं बाटलीवर 'फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी' छापलेलं असतं, तो तरी सरकारी कायदा. इथं कंपनीनंच स्वतःचा नाका उभारला. मे २०१९ मध्ये आयोगानं त्यांना २० कोटी युरोंचा दंड केला. २०२४ मध्ये चॉकलेट-बिस्किटांच्या एका बड्या कंपनीला अशाच अडवणुकीबद्दल ३३ कोटी ७५ लाखांचा. करोडगिरी गेली म्हणतो आपण, पण नाके उभारणारे बदलतात एवढंच.

एक गोष्ट राहिली, ती सुखाची नाही. बट्ट्याचा एक उपयोग होता. ग्रीसचे पगार आणि भाव जर्मनीच्या मानानं फार वाढले की पूर्वी तिथलं जुनं नाणं, द्राक्मा, घसरायचं आणि ग्रीसचा माल, हॉटेलं, बोटी सगळं एका झटक्यात परदेशी माणसाला स्वस्त व्हायचं. युरोत ती सोय नाही. मग स्वस्त व्हायचं तर हमालीच कापावी लागते. फेब्रुवारी २०१२ मध्ये ग्रीसनं किमान वेतन महिना ७५१ युरोंवरून ५८६ वर आणलं, पंचविशीच्या आतल्या पोरांचं त्याहून खाली. आमचे आजोबा बट्ट्याला शिव्या घालायचे. असा पगार कापून घेण्याची वेळ त्यांच्यावर आली असती तर काय म्हणाले असते, याचा मी कधीकधी विचार करते.

तुम्ही जे वाचलं होतं त्यात 'टॉयरो' हा शब्दही असेल कदाचित. टॉयर म्हणजे जर्मन भाषेत महाग, त्याला युरो जोडला. २००२ मध्ये लोकांची पक्की समजूत झाली की नव्या नाण्यानं सगळं महाग झालं. मोजणी केली तर त्या बदलामुळं चढलेली महागाई ०.१ ते ०.३ टक्क्यांच्या आसपास निघाली. पण चढली ती कॉफीवर, कटिंगवर, हॉटेलच्या जेवणावर, जे माणूस रोज स्वतःच्या हातानं देतो. फ्रीज स्वस्त झालेला कुणाच्या लक्षात राहतो? १ एप्रिल १९५७ ला आण्याचे नवे पैसे झाले तेव्हा आमच्या आजीचंही असंच झालं होतं. आण्याचे सव्वासहा पैसे, दुकानदार सात घ्यायचा. तो पाऊण पैसा ती शेवटपर्यंत विसरली नाही.

प्रश्न : भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांनी मिळून एकच रुपया केला तर आमच्या कांद्याला ढाक्याचा भाव मिळेल का?
— एक कांदा उत्पादक, वैजापूर

उत्तर : दादा, नाही मिळणार. तुमचा कांदा बट्ट्यावर अडत नाही, नाक्यावर अडतो. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ४ मे २०२४ ला उठली ती ४० टक्के शुल्क लावून, आणि ते शुल्क उतरत उतरत शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. या सोळा महिन्यांत ढाक्याला आपला रुपया चालत असता तरी लासूर स्टेशनच्या मार्केटात तुमच्या ट्रॉलीला मिळायचं तेच मिळालं असतं.

जोडून एक सांगते, कारण पुष्कळांची यात गल्लत होते. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्या शंभराला एकशेसाठ असा बांधलेला आहे, भूतानचा न्गुलत्रुम तर आपल्या रुपयाच्या बरोबरीनं. मग ते समान चलनच झालं ना? तसं होत नाही. लॅटव्हिया देशाचं लात हे नाणं कित्येक वर्षं युरोला घट्ट बांधलेलं होतं, दर जवळजवळ हलत नव्हता. तरी झाराच्या कपड्यांच्या तिथल्या किमती युरो देशांपेक्षा वेगळ्या असायच्या. १ जानेवारी २०१४ ला लॅटव्हियानं लात सोडून युरो घेतला आणि थोड्याच दिवसांत त्या किमती जुळल्या. डेन्मार्कनं आपला क्रोन युरोला बांधलाय पण सोडलेला नाही, आणि तिथं असे भाव जुळत नसल्याचं त्याच अभ्यासकांना दिसलं. बांधलेली गाठ सुटू शकते, निदान किंमतपट्टी दोन लावायला निमित्त उरतं. पण हे कपड्यांचं झालं. कांद्याला किंमतपट्टी नसते.

प्रश्न : सरहद्दीपलीकडं कर्नाटकात पेट्रोल दोन-एक रुपयांनी स्वस्त आहे. देश एक, रुपया एक, आता करही एक म्हणतात. मग हा फरक का? मी टाकी तिकडूनच भरून आणतो.
— एक वाचक, उमरगा

उत्तर : कर एक झाला १ जुलै २०१७ ला, पण पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीच्या बाहेर ठेवली. त्यांवर प्रत्येक राज्य आपला कर लावतं. तुम्हाला परभणीकर भेटला तर त्याला विचारा, त्याच राज्यात, त्याच कराखाली त्याचं पेट्रोल कितीदा राज्यात सगळ्यात महाग असतं. डेपो लांब, टँकरचं भाडं.

तुमच्यासारखे लोक फिनलंडमध्येही आहेत. फिनलंडमध्ये दारूवर भरमसाट कर, समुद्रापलीकडं ८० किलोमीटरवर एस्टोनियात कमी. दोन्हीकडं युरो. हेलसिंकीहून दोन तासांच्या बोटीनं तालिनला जायचं आणि येताना बीअरच्या पेट्या चाकाच्या गाडीवर दोरीनं बांधून ओढत आणायच्या, हा तिथला जुना रिवाज आहे. त्यांना ते परवडतं, कारण एका खेपेत पुष्कळ आणता येतं.

तुमचं गणित मात्र मी मांडून बघितलं. मोटारसायकलची टाकी १० लिटर, लिटरमागं २ रुपये, वाचले २०. सरहद्दीपलीकडचा पंप गाठायला जाऊन-येऊन ३० किलोमीटर धरले आणि गाडी पन्नासचं ॲव्हरेज देत असली तर सहा दशांश लिटर पेट्रोल रस्त्यातच जळालं, म्हणजे साठाच्या वर गेले. बसवकल्याणला कामासाठी जाणं होतच असेल तर भरा. नुसतं पेट्रोल आणायला जात असाल तर दर खेपेला चाळीस रुपये अंगावर येतात.